बूट सेक्टर ‘वाचता आला नाही’: चार ओळी निरुपद्रवी, पाचवी नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी असेंबल केलेला डेस्कटॉप, त्यावर विंडोज १०. अँटिव्हायरसने फुल स्कॅन केलं की रिपोर्टच्या सुरुवातीलाच ‘मास्टर बूट सेक्टर एचडी१’ ते ‘एचडी४’ अशा चार ओळींपुढे ‘सिस्टिम एरर २१ : डिव्हाइस तयार नाही’ असं येतं. एचडी५ पुढे कधी काहीच तक्रार नसते, कधी ‘एरर १११७’ येतो. एचडी० आणि सी ड्राइव्ह यांच्यापुढे मात्र ‘व्हायरस सापडला नाही’ असं स्वच्छ लिहिलेलं आहे. दुकानदाराने हा रिपोर्ट पाहून सांगितलं, बूट सेक्टरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या डिस्कच्या पहिल्या तुकड्यात, व्हायरस बसलाय, फॉरमॅट मारावं लागेल. तर खरंच व्हायरस आहे का, फॉरमॅट करायचं का, आणि या ओळी कायमच्या कशा घालवायच्या?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. या रिपोर्टमध्ये व्हायरस सापडल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. फॉरमॅट करू नका. चार ओळी बहुधा कॅबिनेटमधल्या कार्ड रीडरच्या रिकाम्या खाचांच्या आहेत आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल. काळजी करायची ती एचडी५ ची. तुम्ही तिचा उल्लेख जाता जाता केलाय, पण सगळ्या रिपोर्टमध्ये कामाची ओळ तीच आहे. ती बाहेरून जोडलेली हार्ड डिस्क असेल आणि त्यावर घरातले फोटो असतील, तर पुढचं वाचण्याआधी तिच्यावर नवीन काही टाकणं थांबवा.

आता कारणं. ‘बूट सेक्टर वाचता आला नाही’ आणि ‘बूट सेक्टरमध्ये व्हायरस सापडला’ ही दोन अगदी वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात अँटिव्हायरस सांगतोय की मी विंडोजकडे डिस्कचा पहिला तुकडा मागितला आणि विंडोजने तो दिला नाही. का दिला नाही, हे पुढच्या आकड्यात असतं. हा आकडा अँटिव्हायरसने स्वतः काढलेला नसतो. तो विंडोजचा एरर कोड असतो, अँटिव्हायरस फक्त तो पुढे ढकलतो. त्यामुळे कंपनी कोणतीही असो, २१ चा अर्थ बदलत नाही: डिव्हाइस तयार नाही. काही प्रोग्रॅम हाच आकडा हेक्समध्ये, म्हणजे सोळावर आधारलेल्या मोजणीत, दाखवतात, तेव्हा तो १५ दिसतो. एरर १५ म्हणून शोधत बसलात तर भलतंच काहीतरी हाती लागेल, कारण दशमान १५ चा अर्थ वेगळा आहे. शून्य आणि एक्सने सुरू होणारा आकडा दिसला की तो हेक्स समजायचा आणि कॅल्क्युलेटरच्या प्रोग्रॅमर मोडमध्ये बदलून घ्यायचा.

मग ‘तयार नाही’ असं सांगणारं डिव्हाइस कोणतं? स्टार्ट बटणावर उजवं क्लिक करा, डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या अर्ध्या भागात डाव्या कडेला डिस्क ०, डिस्क १, डिस्क २ अशी चौकटींची रांग दिसेल. अँटिव्हायरसमधला एचडी० म्हणजे इथली डिस्क ०, एचडी१ म्हणजे डिस्क १. दोघंही मोजणी शून्यापासून करतात. तुमच्या बाबतीत डिस्क १ ते ४ पुढे ‘रिमूव्हेबल’ आणि त्याखाली ‘नो मीडिया’ असं लिहिलेलं असण्याची दाट शक्यता आहे. तीच कार्ड रीडरची चार भोकं: एसडी, मायक्रो एसडी, कॉम्पॅक्ट फ्लॅश, मेमरी स्टिक. रीडर एकच असला तरी विंडोजच्या लेखी प्रत्येक खाच ही स्वतंत्र डिस्क. कार्ड नसलं तरी खाचेला नंबर मिळतो, ड्राइव्हचं अक्षरही मिळतं. अँटिव्हायरस मग नेमाने प्रत्येक नंबरचं दार वाजवतो, आत कोणी नसतं, आणि रिपोर्टमध्ये २१ पडतो.

‘पण धिस पीसीमध्ये तर असे ड्राइव्ह दिसतच नाहीत’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. ते विंडोज मुद्दाम लपवतं. फाइल एक्सप्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘हाइड एम्प्टी ड्राइव्ह्ज’ या खुणेवर आधीपासून टिक असते. ती काढलीत की ई, एफ, जी, एच अशी चार रिकामी अक्षरं अचानक उगवतील. या लपवालपवीमुळेच हा एरर गूढ वाटतो: डोळ्यांना दोनच डिस्क दिसतात आणि रिपोर्टमध्ये सहा.

खात्री करायची तर मोबाइलचं किंवा कॅमेऱ्याचं एखादं कार्ड खाचेत घाला आणि परत स्कॅन चालवा. पूर्ण स्कॅन नको, फक्त बूट सेक्टरचं; बहुतेक अँटिव्हायरसमध्ये कस्टम स्कॅनखाली तसा पर्याय असतो. चारांपैकी एका ओळीतला एरर जाऊन तिथे ‘व्हायरस सापडला नाही’ आलं, की विषय संपला. कार्ड दुसऱ्या खाचेत घातलंत तर एररची ओळ बदलेल. अशा पडताळणीला पैसे पडत नाहीत आणि दुकानदारापुढे ठेवायला पुरावाही मिळतो. कार्ड रीडर नसेल तर प्रिंटर बघा; मेमरी कार्डची खाच असलेले ऑल-इन-वन प्रिंटर यूएसबीने जोडलेले असताना हेच करतात. इंटरनेटचे जुने डोंगल स्वतःमध्ये एक खोटी सीडी आणि एक कार्डाची खाच बाळगून असतात, तेही या यादीत येतात.

एक सावधगिरी. हे नंबर कायमचे नसतात. रीस्टार्टनंतर, किंवा पेन ड्राइव्ह लावलेला असताना कॉम्प्युटर सुरू केला तर, क्रम बदलू शकतो. कालच्या रिपोर्टमधला एचडी५ आज एचडी१ असू शकतो. म्हणून रिपोर्ट आणि डिस्क मॅनेजमेंट एकाच बैठकीत, मध्ये काहीही न काढता-घालता, शेजारी शेजारी ठेवून बघा.

आता एचडी५ कडे वळू.

१११७ म्हणजे डिस्कने हाक ऐकली, वाचायचा प्रयत्न केला आणि मध्येच हात टेकले. विंडोजच्या भाषेत आय-ओ डिव्हाइस एरर. याचा भाऊ २३, म्हणजे डेटा एरर, सीआरसी: वाचलं, पण वाचलेलं पडताळणीत जुळलं नाही. २१ मध्ये वाचायला काही नव्हतं. इथे वाचायला आहे आणि ते हातून निसटतंय. बूट सेक्टर हा डिस्कचा पहिलाच तुकडा. तिथेच कधी येतो कधी नाही अशी धरसोड चाललेली असेल, तर बाकीची डिस्क किती धड आहे हा प्रश्न आपोआप येतो.

तरी लगेच डिस्क गेली असं धरू नका. बाहेरच्या अडीच इंची डिस्कला वेगळा पॉवर अडॅप्टर नसतो, ती सगळी वीज यूएसबीमधून ओढते. यूएसबी २ चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. डिस्क फिरायला लागताना तिची भूक जास्त असते. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आतल्या लांब, बारीक वायरीने मदरबोर्डला जोडलेले असतात, आणि असेंबल केलेल्या स्वस्त कॅबिनेटमध्ये ती वायर कशी असते हे मी वेगळं सांगायला नको. म्हणून पहिलं काम: डिस्क मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावा. दुसरं: केबल बदला. टोकाशी मुडपलेल्या केबलीमुळे आलेले १११७ मी भरपूर पाहिलेत. यूएसबी हब मध्ये असेल तर तो काढा.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम, आणि सोर्स ‘डिस्क’ असलेल्या नोंदी शोधा. इव्हेंट क्रमांक ७ म्हणजे बॅड ब्लॉक सापडला. ११ म्हणजे कंट्रोलरची तक्रार, तिथे केबल आणि पोर्टवर संशय घ्यायचा. १५३ म्हणजे पहिल्यांदा जमलं नाही म्हणून विंडोजने परत प्रयत्न केला. १५ ही नोंद कार्ड रीडरच्या ‘तयार नाही’ची बहीण, ती सोडून द्या. ७ च्या नोंदी रांगेने दिसल्या तर केबल बदलून उपयोग नाही.

त्यानंतर डिस्कची प्रकृती सांगणारं क्रिस्टल डिस्क इन्फो हे मोफत टूल चालवा. वर निळ्या चौकटीत गुड, पिवळ्यात कॉशन किंवा लाल चौकटीत बॅड असं दिसेल, पण फक्त रंगावर जाऊ नका. खालच्या यादीत तीन ओळी बघा. ०५, म्हणजे खराब झालेले आणि राखीव साठ्यातून बदललेले सेक्टर. सी५, म्हणजे जे वाचता येत नाहीत पण ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही असे. सी६, म्हणजे वाचण्याची आशा सुटलेले. चौथी सी७ ही केबलच्या चुकांची मोजणी. ती मोठी असून बाकीच्या शून्य असतील तर डिस्क बहुधा ठीक, जोडणी खराब. हे टूल शेवटच्या रकान्यातले आकडे मुळात हेक्समध्ये दाखवतं. तिथे १० दिसलं म्हणजे सोळा. मेनूतल्या फंक्शनमध्ये जाऊन अ‍ॅडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज, तिथे दशमान निवडा म्हणजे घोळ नाही. काही यूएसबी डब्या, म्हणजे बाहेरच्या डिस्कची कवचं, ही माहिती पुढे पाठवतच नाहीत. टूलमध्ये डिस्क दिसलीच नाही तर त्यावरून काही निष्कर्ष काढू नका.

सी५ किंवा सी६ शून्यापेक्षा जास्त असेल तर पुढचा क्रम मोडू नका. आधी फोटो उतरवा. सगळी डिस्क एका दमात कॉपी करायला लावू नका. एका खराब फाइलपाशी ती अर्धा तास अडकून बसते आणि तेवढ्यात उरलीसुरली ताकद जाते. लग्न, मुंज, आजी-आजोबांचे स्कॅन केलेले जुने फोटो, जे परत मिळणार नाही ते फोल्डर आधी, एकेक करून. डाउनलोड केलेले सिनेमे सगळ्यात शेवटी, किंवा राहिले तरी चालतील. हे होईपर्यंत चेकडिस्क या विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या टूलला हात लावायचा नाही. खराब सेक्टर शोधण्याच्या मोडमध्ये चेकडिस्क डिस्कचा कोपरान् कोपरा खरवडून वाचतं, आणि आजारी डिस्कला तेवढा व्यायाम झेपत नाही. शिवाय ते फाइल सिस्टिम सरळ करण्याच्या नादात अर्धवट फाइली कापून टाकतं. कॉपी अडत असेल तर लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू चालवता येतं. ते सोपे भाग आधी उचलतं, अवघड भागांकडे नंतर येतं आणि सगळ्याची एक प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर तयार करतं. टकटक किंवा खरखर आवाज येत असेल तर मात्र तिथेच थांबा, वीज काढा. तो घरच्या दुरुस्तीचा प्रांत नाही. आणि विंडोजने ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ अशी खिडकी दाखवली तर कॅन्सल.

दुकानदाराच्या सल्ल्याकडे येतो. आपल्याकडे ‘फॉरमॅट मारणं’ हा सर्व रोगांवर चालणारा काढा आहे. गंमत म्हणजे मास्टर बूट सेक्टरमध्ये खरंच व्हायरस असता, तर नुसता सी ड्राइव्ह फॉरमॅट करून तो गेला नसता. मास्टर बूट रेकॉर्ड, म्हणजे एमबीआर, हा डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये असतो, कोणत्याही पार्टिशनच्या, म्हणजे सी सारख्या डिस्कच्या भागाच्या, बाहेर. ५१२ बाइट्सचा तुकडा: पहिले ४४६ बाइट्स हा छोटा प्रोग्रॅम, पुढचे ६४ म्हणजे चार पार्टिशनची यादी, शेवटचे दोन ५५ आणि एए अशी सही. सी फॉरमॅट केला की सी चा स्वतःचा बूट सेक्टर नवा लिहिला जातो, एमबीआर जिथल्या तिथे राहतो. फॉरमॅट सुचवणाऱ्याला हा फरक विचारून बघा; उत्तरावरून माणूस कळतो.

अँटिव्हायरस डेटाच्या डिस्कचेही बूट सेक्टर का तपासतो, याचं मूळ फ्लॉपीत आहे. फ्लॉपीवर फक्त पत्रं आणि हिशेब असले तरी तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये एक छोटा प्रोग्रॅम असायचाच. ‘नॉन सिस्टिम डिस्क’ हा संदेश तोच दाखवायचा. संध्याकाळी फ्लॉपी आत विसरून कॉम्प्युटर बंद केला, सकाळी सुरू केला, की संदेश दिसेपर्यंत व्हायरस हार्ड डिस्कवर पोचलेला. १९८६ मधला ब्रेन हा लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधूनच जगभर फिरला. पुढे मायकेलँजेलो आला, जो ६ मार्चला डिस्कवरचा डेटा पुसायचा. पुण्यात काटकर बंधूंचं दुरुस्तीचं दुकान होतं. व्हायरसने बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्तीला येत, त्यावर इलाज म्हणून धाकटे संजय काटकर स्वतः टूल लिहू लागले आणि त्यातून नव्वदच्या दशकात क्विक हील उभं राहिलं. म्हणजे बूट सेक्टरची भीती आपल्याकडे एकेकाळी अगदी खरी होती. फ्लॉपी गेली, तपासणीची सवय राहिली. झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर घरी येतो तो शॉर्टकट व्हायरस. त्याचा बूट सेक्टरशी काही संबंध नाही, त्या साध्या फाइली असतात.

तुमच्या कॉम्प्युटरवर एमबीआरचा प्रश्न लागू तरी होतो का, हे दोन मिनिटांत कळतं. सर्चमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ टाइप करून उघडा, ‘बायोस मोड’ ही ओळ बघा. तिथे ‘यूईएफआय’, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करण्याची नवी पद्धत, असेल तर कॉम्प्युटर सुरू होताना एमबीआरमधला प्रोग्रॅम चालतच नाही. डिस्क जीपीटी या पार्टिशनच्या नव्या पद्धतीची असते, पहिल्या सेक्टरमध्ये केवळ जुन्या प्रोग्रॅमांनी हात लावू नये म्हणून एक राखणदार नोंद असते, आणि सुरुवात होते ती एका छोट्या फॅट३२ पार्टिशनवरच्या फाइलीतून. ‘लेगसी’, म्हणजे जुनी पद्धत, असेल तर मात्र एमबीआर अजून जिवंत आहे. विंडोज ११ ला यूईएफआय लागतंच, त्यामुळे नव्या लॅपटॉपवर एमबीआरची तपासणी ही बरीचशी औपचारिकता आहे. यूईएफआयवरही हल्ले झालेत, २०१८ मधला लोजॅक्स, २०२२-२३ मधला ब्लॅकलोटस. पण ते बूट सेक्टरच्या स्कॅनमध्ये दिसणारे नव्हेत. त्यांच्यावर घरच्या माणसाने करायचं एवढंच, की सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना फक्त खात्रीचा प्रोग्रॅम चालू देणारी सोय, चालू ठेवायचं आणि विंडोजचे व मदरबोर्डचे अपडेट टाळायचे नाहीत.

बाकीचे काही आकडे भरभर सांगतो, कारण या प्रश्नाबरोबर तेही वारंवार येतात. ५ म्हणजे परवानगी नाही. अँटिव्हायरस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. तरीही येत असेल तर कॉम्प्युटरवर दोन अँटिव्हायरस नांदतायत का बघा. एकाने दार धरून ठेवलेलं असतं. मुदत संपलेला जुना काढल्याशिवाय नवा टाकणारी घरं कमी नाहीत. ३२ म्हणजे दुसरा प्रोग्रॅम वापरतोय, बहुधा बॅकअपचा. १००५ म्हणजे पार्टिशनची फाइल सिस्टिम विंडोजला ओळखता आली नाही. लिनक्सचं पार्टिशन असेल तर ठीक. नसेल आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिथे ‘रॉ’ दिसत असेल, तर वर एचडी५ साठी लिहिलेलं सगळं लागू. ८७ हा विचित्र: काही मोठ्या डिस्क एका सेक्टरला ५१२ ऐवजी ४०९६ बाइट्स मोजतात आणि जुना अँटिव्हायरस त्यांच्याकडे ५१२ च मागतो, म्हणून विंडोज मागणीच चुकीची ठरवतं. अँटिव्हायरस नवा करा. आणि बिटलॉकर या विंडोजच्या एन्क्रिप्शनने कुलूप लावलेला ड्राइव्ह कुलूप काढेपर्यंत वाचता येणारच नाही. त्यात बिघाड काहीच नाही.

आता समजा, कुणाच्या रिपोर्टमध्ये खरोखरच ‘एमबीआरमध्ये व्हायरस सापडला’ असं आलं. तुमच्यात नाही, पण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला येईल. लेगसी मोडवरच्या जुन्या कॉम्प्युटरवर पहिला संशय मी विंडोजच्या फुकट अ‍ॅक्टिव्हेशनवर घेतो. विंडोज ७ च्या काळात दुकानातून ‘ओरिजिनल करून’ दिलेल्या मशीनमध्ये लोडर नावाचा प्रकार असायचा. तो विंडोजच्या आधी चालू व्हायचा आणि हा ब्रँडेड कंपनीचाच कॉम्प्युटर आहे असं विंडोजला भासवायचा. त्यासाठी तो सुरुवातीच्या प्रोग्रॅमच्या जागी स्वतःचा बसवायचा. अँटिव्हायरसने त्याला पकडलं तर त्याला खोटं ठरवता येणार नाही. बूट सेक्टरमध्ये परका कोड आहेच. पुढे त्यावरच अपग्रेड मारून आलेल्या विंडोज १० मध्ये हे जुने अवशेष सापडतात. दुसरा संशय ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूट लोडर, आणि तिसरा व्हेराक्रिप्टसारखं पूर्ण डिस्क कुलूपबंद करणारं टूल. हे दोन्ही सज्जन आहेत, पण अनोळखी कोड म्हणून कधीतरी संशयात सापडतात.

खात्री करायला विंडोज बाहेरून तपासायचं. कारण खरा बूटकिट, म्हणजे बूट सेक्टरमध्ये लपणारा व्हायरस, विंडोजच्या आधी जागा झालेला असतो. अँटिव्हायरसने पहिला सेक्टर मागितला की तो जपून ठेवलेली स्वच्छ प्रत पुढे करतो. ब्रेनने १९८६ मध्येच ही युक्ती केली होती, २०१० च्या सुमारास टीडीएल४ या बूटकिटने तीच केली. म्हणून विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, तिथे मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन. उघडलेलं काम सेव्ह करा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, साधारण पंधरा मिनिटं निळ्या पडद्यावर स्कॅन चालतं, मग विंडोज परत येतं. लॅपटॉपवर बिटलॉकर असेल तर आधी रिकव्हरी की हाताशी ठेवा. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, आणि हल्लीच्या लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन न विचारता चालू झालेलं असू शकतं. ४८ आकडी की ऐन वेळी मागितल्यावर शोधाशोध करण्यात मजा नाही.

इथेही बाहेरून तपासल्यावर खरंच काही निघालं तरच एमबीआर नव्याने लिहायचा. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून सुरू करून, रिपेअर युवर कॉम्प्युटरमधल्या कमांड प्रॉम्प्टवर, बूटरेक या टूलचा फिक्स-एमबीआर हा पर्याय. तो ४४६ बाइट्सचा प्रोग्रॅम बदलतो, पार्टिशनच्या यादीला हात लावत नाही. हे लेगसी मोडसाठी. यूईएफआय असेल तर या कमांडने काहीच साधत नाही. लोक तिथे फिक्स-बूटवर येणारा ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ पाहून आणखी घाबरतात. ग्रब असेल तर तो उडेल आणि लिनक्स दिसेनासं होईल. व्हेराक्रिप्ट असेल तर त्याची रेस्क्यू डिस्क नसताना ही कमांड चालवणं म्हणजे चावी विहिरीत टाकणं. १९९४ मधला वन हाफ आठवतो: तो दर वेळी कॉम्प्युटर सुरू झाला की डिस्कचा थोडा भाग कुलूपबंद करायचा आणि चावी एमबीआरमध्ये ठेवायचा. ज्यांनी घाईने एमबीआर धुतला, त्यांचा व्हायरस गेला आणि अर्धी डिस्कही गेली. बूट सेक्टरच्या प्रकरणात रोगापेक्षा इलाजाने जास्त नुकसान होतं हे माझं मत तेव्हापासूनचं आहे, आणि आज २१ नंबरच्या एररवर फॉरमॅट सुचवणारे लोक पाहून ते बदललेलं नाही.

एक आगाऊ सूचना. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये एरर आहेत’ म्हणून फोन करणारी आणि इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावून पिवळ्या-लाल खुणा दाखवणारी टोळी हेच भांडवल वापरते. धडधाकट कॉम्प्युटरवरही तिथे शेकड्यांनी खुणा असतात. वरती मी तुम्हाला इव्हेंट व्ह्यूअर उघडायला सांगितलं ते डिस्क या एकाच सोर्ससाठी, बाकी लाल रंग बघून कुणाला एनीडेस्क, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायचं टूल, देऊ नका.

राहिला तिसरा प्रश्न, ओळी घालवायचा. तीन मार्ग आहेत. अँटिव्हायरसमध्ये कस्टम स्कॅन बनवून त्यात फक्त सी आणि तुमचे खरे ड्राइव्ह निवडा. एरर देणारे वगळले जातील. काही अँटिव्हायरस मास्टर बूट सेक्टर सरसकट तपासतात, तिथे हा उपाय चालत नाही. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्क ड्राइव्ह्जखाली कार्ड रीडरच्या नोंदी सापडतील, त्या डिसेबल करा. कार्ड वाचायचं असेल तेव्हा परत एनेबल. आणि कार्ड रीडर कधीच वापरत नसाल तर कॅबिनेट उघडा, मेन स्विच बंद करून. रीडरची वायर मदरबोर्डवरच्या नऊ पिनांच्या यूएसबी कनेक्टरला लावलेली असते. ती ओढून काढा. शेजारीच पुढच्या पोर्टची तशीच वायर असते, ओढण्याआधी दुसरं टोक कुठे जातंय ते बोटाने चाचपा. मी स्वतः यातलं काहीच करत नाही, चार ओळी असल्या तर असू देतो. पण रिपोर्ट स्वच्छ बघायची हौस समजू शकतो.

अँटिव्हायरस बदलून या ओळी जातात असंही कुणी सांगेल. जातात, कारण दुसरा प्रोग्रॅम रिकाम्या खाचांची तक्रार लिहीत नाही. त्यासाठी पैसे घालवू नका. विंडोज १० चा आधार मात्र १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा खर्च करायचाच असेल तर तो तिकडे वळवा.

आज करायचं ते असं: एचडी५ मागच्या पोर्टला, चांगल्या केबलने. फोटो दुसरीकडे उतरवून झाले की क्रिस्टल डिस्क इन्फोमधले ०५, सी५, सी६ आणि सी७ चे आकडे दशमानात कळवा, सोबत इव्हेंट क्रमांक ७ च्या नोंदी किती आणि कोणत्या तारखांच्या आहेत तेही. डिस्कची वॉरंटी शिल्लक असेल तर डबी उघडू नका.